गिरणीवाले दाजी आणि बिनआवाजाचं कॅबिनेट

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, पिठाची गिरणी चालवतात. सकाळी पट्टा फिरायला लागला की माणूस हळूहळू पांढरा होत जातो. आधी भुवया, मग कानाच्या पाळ्या, शेवटी मिशी. जेवणवेळेला गिरणी बंद करून घरी आले की ताई त्यांना दारातच थोपवते. "आधी स्वतःला झटका, मग आत या." दाजी पायरीवर उभे राहून भिजलेल्या कुत्र्यागत अंग झाडतात, हातपाय धुतात, चार घास खातात आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाखालून कॉम्प्युटरचं कॅबिनेट ओढतात.

कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा पत्र्याचा डबा. लोक त्याला सरळ सीपीयू म्हणतात, आणि कोणी तसं म्हटलं की दाजींचा पापड मोडतो.

"अरे, सीपीयू आत असतो, बिस्किटाएवढा. हा नुसता डबा. तुझ्या सदऱ्याला कोणी मेहुणा म्हणतं का?"

असे डबे घरात जागोजागी. पलंगाखाली, कपाटावर, दाराआड. एकात ताई चपला ठेवते. एकाला पुढून छान जाळी आहे, त्यात बटाटे असतात. दाजींनी ते पाहून हाय खाल्ली नाही, उलट खूश झाले. म्हणाले, "बघ, वारा कसा खेळतोय. एक बटाटा सडला नाही."

मी एकदा विचारलं होतं, "दाजी, या मशीनवर तुम्ही करता तरी काय?"

"चालू होतं का बघतो."

"झालं चालू. मग?"

"मग उघडतो."

असा सगळा कारभार. खेळ खेळत नाहीत, सिनेमे बघत नाहीत. एका डब्यातली मांडणी दुसऱ्या डब्यात हलवायची, वायरी पाठीमागून अशा फिरवायच्या की पुढून एक दिसू नये, आणि मग झाकण उघडं टाकून समोर बसायचं. नव्या बाळाकडे बघावं तसं.

कॉम्प्युटरच्या सामानाची एक गल्ली आहे, तिथे खरेदीला मला घेऊन जातात. ओझं उचलायला कोणीतरी लागतंच. तिथला जाड चष्म्याचा दुकानदार दाजींना लांबून ओळखतो आणि लगेच गल्ल्यावर भाच्याला बसवून आत पळायला बघतो. कारण दाजींची खरेदी म्हणजे बैलबाजार. आधी डब्याभोवती एक चक्कर. मग पत्र्यावर टिचकी. मग आतल्या कडांवरून बोट फिरवून बघायचं, कापतं का. मग मागून, खालून, उलटा करून. दात बघायचेच तेवढे राहतात.

"हा घ्या काका, नवीन आलाय," चष्मेवाला म्हणतो. "सगळे फॅन लुकलुकतात. रंग बदलतात."

"नको. दिवे लावणारा हा एक आहे माझ्याकडे," असं म्हणून दाजी माझ्याकडे बोट दाखवतात.

फसलेतही पुष्कळदा. एकदा स्वस्तात मिळाला म्हणून हत्तीएवढा डबा आणला. मदरबोर्ड आपला तळहाताएवढा. आत बसवल्यावर बापाचा कोट घातलेल्या पोरासारखा दिसायला लागला. एकदा बाजूला काच असलेला आणला. काच कोणती, तर म्हणे हातोडीनेही फुटत नाही. दाजींनी ती काढून अलगद, अगदी जपून, फरशीवर उभी केली. कोपरा टेकला मात्र, फाट्कन आवाज झाला आणि खोलीभर खडीसाखर. दाजी हातात हवा धरून उभे. ताई झाडू घेऊन आली, एक शब्द बोलली नाही. तिच्या न बोलण्याचीच दाजींना जास्त धास्ती.

आणि एकदा पॉवर सप्लाय बंद पडला म्हणून बदलून मागायला गेलो. चष्मेवाल्याने तो हातात धरून हलवला, तर फॅनमधून भुरभुर पांढरं सांडलं. त्याने बोटावर घेतलं, वास घेतला.

"काका, यात दळण टाकता काय?"

दाजी शांतपणे म्हणाले, "अंगावरून गेलं असेल. पण बघा, कसं बारीक आलंय."

दुकान हसलं, चष्मेवाला हसला, आणि मुकाट्याने बदलून दिला.

तर असं सगळं सुखाने चाललं असताना ताईची ड्यूटी बदलली. ताई दवाखान्यात सिस्टर आहे. रात्रपाळी लागली, म्हणजे झोप दुपारची. दार लावून घेता येईल अशी घरात एकच खोली, आतली. पलंग तिथे, आणि दाजींचं मशीनही तिथेच. पहिल्या आठवड्यात ती काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात डोळे तांबडे करून बाहेर आली.

"अहो, त्याची घरघर बंद करा. मला झोप नाही."

"कसली घरघर?" दाजींनी विचारलं.

"त्या डब्याची!"

दाजींनी आत जाऊन डब्याला कान लावला. माझ्याकडे बघितलं. "काही नाही की."

ताईने कमरेवर हात ठेवला. "रविवारी दुपारी भंगारवाल्याला बोलावलंय. तोवर हे गप्प झालं तर राहील. नाहीतर हे जाईल, सगळे डबे जातील, चपला मी दाराबाहेर ठेवीन."

ताई बोलली म्हणजे दगडावरची रेघ. दाजींचं जेवण कमी झालं. घरात दुसरी जागा नाही, गिरणीत ठेवावं तर पिठाने मशीनचा जीव जाईल. माणसाला तंबाखू नाही, पत्ते नाहीत, मित्रांचा अड्डा नाही. दिवसभर धडधड ऐकून आल्यावर तेवढी एक दुपार त्याची होती, आणि ती हातगाड्यावर चढायच्या बेतात.

लगेच दुसऱ्या दिवशी आम्ही चष्मेवाल्याकडे. "बिनआवाजाचं दाखवा." त्याने एक काळाभोर डबा काढला. चारी बाजूंनी बंद, आतून जाड फोम चिकटवलेला, पुढे दार. तिजोरी म्हणावी असा. उचलताना माझी कंबर बोलली. दाजींनी सगळी मांडणी त्यात हलवली, दार लावलं, बटण दाबलं आणि तोंडभर हसले.

"ऐक. स्मशानशांतता!"

मी ऐकलं. आतून पंखे बोंबलत होते. डबा बंद, वारा नाही, मशीन तापलं की पंखे अजून जोरात. फोमच्या आडून कोणीतरी उशीत तोंड खुपसून ओरडावं तसं.

"दाजी, आवाज येतोय."

"तुझे कान खोटे."

तेवढ्यात ताई पलंगावरून उठून आली. दाजींच्या मागे उभी राहिली आणि साध्या आवाजात, अगदी हळूही नाही, म्हणाली, "अहो, दार उघडं राहिलंय." दाजी ढिम्म. मग म्हणाली, "अहो, तुमची मिशी पेटलीय." दाजी स्क्रू पिळत होते. मला हसू आवरेना. ताई मात्र हसली नाही. तिने समोर येऊन त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"तुम्हाला ऐकूच येत नाही. गिरणीने खाल्ले कान. समोरच्याचे ओठ बघून भागवता, एवढंच."

दाजींनी हातातला उरलेला स्क्रू खिशात टाकला. मग म्हणाले, "तरीच म्हटलं, आपला संसार एवढा गोडीत कसा चाललाय."

ताईने कपाळावर हात मारला. त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेऊन कान तपासून आणले. तेव्हापासून दाजी गिरणीत कानावर गोलमटोल झाकणं घालून बसतात आणि गिऱ्हाइकं जाड-बारीक हातवाऱ्यांनी सांगतात. पण गेलेलं ऐकणं परत येत नाही, आणि रविवार येत होता. आवाज ऐकू न येणाऱ्याने आवाज शोधायचा कसा? दाजी म्हणाले, "तू माझे कान हो." मी झालो. पण मला नुसती घरघर कळायची, कुठून येतेय ते कळेना. मी म्हणायचो पुढून, दाजी पुढचं खोलायचे, घरघर तशीच.

शनिवारी दाजी गिरणीतून आले ते विचारातच. जेवले नाहीत. डब्यापाशी बसले, डोळे मिटले आणि पत्र्यावर पंजा ठेवला.

"हे काय?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"गप. दगड गुळगुळीत झाला, त्याला टाकी लावायची झाली की मी कानाने ओळखतो काय? गिरणीत कानाने कोणाला कळतं? हातानेच कळतं." पंजा हळूहळू सरकत होता. छत, पाठ, बगल. एका जागी थांबला. "हा बघ. इथे थरथरतोय."

मी हात लावला. मला काही लागेना.

त्यांनी काळी तिजोरी दूर सारली आणि जाळीवाला डबा ओढला. बटाटे माझ्या ओटीत. "याला वारा पाहिजे, गोधडी नको," म्हणाले. मोठे पंखे लावले, म्हणजे सावकाश फिरूनही भागावं. गिरणीचा जुना रबरी पट्टा आणून त्याच्या चकत्या कापल्या आणि प्रत्येक पंख्याच्या स्क्रूखाली एकेक बसवली. डब्याच्या पायांखालीही. पुन्हा पंजा फिरवला. पुन्हा एक स्क्रू सैल केला. सासरी निघालेल्या लेकीचे केस विंचरावेत एवढ्या सावकाशीने.

रविवारी ताई कामावरून आली, जेवली, पलंगावर आडवी झाली. दाजींनी बटण दाबलं. आम्ही दोघे दाराशी भिंतीला टेकून बसलो, चोरासारखे.

"आवाज येतोय का?" दाजींनी ओठांनीच विचारलं.

"येतोय."

दाजींचा चेहरा पडला.

"ताईचा. घोरतेय."

दाजींनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांच्याच सदऱ्यातून पिठाचा धूर निघाला. मग त्यांनी तोंडावर हात दाबून हसायला सुरुवात केली. पोट हलत होतं, आवाज नव्हता.

आणि बाहेर गल्लीत आरोळी आली, "भंगाऽऽर! पत्रा, लोखंड, प्लास्टिऽऽक!"

दाजींना ती ऐकू आली नाही. मी उठून पळालो म्हणून तेही पळाले. आम्ही दोघांनी तोंडावर बोट ठेवून भंगारवाल्यापुढे नाच केला, त्याला वाटलं घरात कोणी गेलं. त्याने टोपी काढली आणि आणखी मोठ्याने विचारलं, "कोण हो? म्हातारं होतं का?"

दारात ताई. केस विस्कटलेले, एक डोळा मिटलेला.

"बाई, तुम्हीच बोलावलं होतं," भंगारवाला म्हणाला. "काय न्यायचंय?"

ताईने आत वळून बघितलं. मशीन चालू होतं, बारका दिवा जळत होता. ती क्षणभर कान देऊन उभी राहिली.

"आधी तुझा आवाज ने," ती म्हणाली. "किती छान डोळा लागला होता." आणि दाजींकडे बघून, "ते बंद करू नका. राहू दे तसंच." आत गेली, दार ओढून घेतलं.

दाजींनी मशीनच्या दिशेने नाही, गाड्याकडे बघितलं. जुन्या खिडक्यांच्या गजांखाली एक कॅबिनेट पडलं होतं. जुन्या घडणीचं, जाड पत्र्याचं. दाजींनी टिचकी मारली आणि त्यांचे डोळे चमकले.

"केवढ्याला?" त्यांनी विचारलं.

भंगारवाला आता दाराकडे बघून घाबरलेला. त्याने तोंडावर हात धरून कुजबुजत भाव सांगितला. दाजी म्हणाले, "आं?" तो परत कुजबुजला. "आं?" शेवटी त्याने बोटं वर केली. दाजींनी त्यातली निम्मी मिटवली. त्याने एक उघडलं. मी पायरीवर बसलो आणि बघत राहिलो.

कॅबिनेट मीच उचलून आत नेलं, पावलांचा आवाज न करता.