नरसिंहपूरच्या आभाळातला ठिपका

बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत मी काम करते. दुधाचे नमुने तपासायचे, काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकातून बघायचं, हे रोजचंच. कॅमेऱ्याचा नाद मला उशिरा लागला. बरोबर काम करणाऱ्या एका बाईंच्या भावाने नवीन कॅमेरा घेतला, तेव्हा त्याचा जुना माझ्याकडे आला. त्याची लेन्स काढून दुसरी लावता यायची. अशा दोन लेन्स त्याने सोबत दिल्या होत्या.

माझे चुलत सासरे निरवांगीला असतात. डाळिंब आणि भाजीपाला करतात. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. गेल्या हिवाळ्यात त्यांना आणि काकूंना नरसिंहपूरला दर्शनाला जायचं होतं, म्हणून मी त्यांना गाडीने घेऊन गेले. दर्शन झाल्यावर नीरा-भीमेच्या संगमाशी, घाटाच्या पायऱ्यांवर दोघांना उभं करून मी पुष्कळ फोटो काढले. त्यातले बारा-पंधरा छापून घेतले आणि दोन आठवड्यांनी निरवांगीला नेले.

काकूंनी स्वतःचा चेहरा तेवढा बघितला, बरा आलाय म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. आबा मात्र चष्मा लावून ओसरीवर बसले ते उठेचनात. थोड्या वेळाने त्यांनी मला जवळ बोलावलं आणि एका फोटोत आभाळाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे करड्या रंगाचा, पुसट कडांचा एक बारीक ठिपका होता. मी म्हटलं, उंचावर घार असेल.

"घार एकाच जागी थांबती व्हय?" आबांनी विचारलं.

त्यांनी सगळे फोटो सतरंजीवर ओळीने मांडले होते. आभाळ आलेल्या प्रत्येकात ठिपका कोपऱ्यापासून दोन बोटांवर. जिथे त्या कोपऱ्यात बाभळी आल्या होत्या, तिथे तो दिसत नव्हता. एका फोटोसाठी मी कॅमेरा उभा धरला होता. त्यात ठिपका दुसऱ्याच कोपऱ्यात होता. आबांनी तो फोटो आडवा फिरवून बाकीच्यांशेजारी ठेवला आणि ठिपका बरोबर जागेवर आला. माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं.

कॅमेऱ्यात धूळ जाते एवढं मी ऐकून होते. कॉम्प्युटरवर पुसून दुसरे छापून आणते, असं मी त्यांना सांगितलं.

"पुसशील गं," आबा म्हणाले. "पर हाय काय ते तरी कळू दे."

ठिबकचं पाणी कुठे अडलं तर आबा आधी ड्रीपर बदलून बघतात, मग नळी, मग फिल्टर. इथेही त्यांना तसंच करायचं होतं. मी घराच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, मग लेन्स बदलून पुन्हा काढला. ठिपका दोन्हींत होता, म्हणजे लेन्सचा दोष नव्हता. मग लेन्सच्या आतलं, उजेड येण्याचं भोक लहानमोठं करून बघितलं. भोक मोठं असताना ठिपका जवळजवळ नाहीसा झाला. अगदी बारीक केलं तेव्हा तो शाईसारखा ठळक उठला आणि आजूबाजूला आणखी चार फिकट ठिपके दिसले. हे असं का, आबांनी विचारलं. वाचून सांगते, म्हटलं.

बारामतीत परतल्यावर मी त्यावर वाचलं आणि त्यांना फोन केला. फोटो ज्यावर उमटतो त्या सेन्सरपुढे एक काच असते आणि धूळ त्या काचेवर बसते. भोक बारीक असलं की उजेड एकाच बाजूने येतो, म्हणून धुळीची सावली नीट पडते. मोठ्या भोकातून तो सगळीकडून येतो आणि सावली विरते. आबा म्हणाले, ट्यूबलाइटखाली हाताची सावली अशीच इरघळती, बॅटरीपुढं मात्र कडक पडती. इतकं सोपं करून मला वाचलेल्या कुठल्याच पानावर कुणी सांगितलं नव्हतं.

ओळखीच्या फोटो स्टुडिओवाल्यांनी मला सावध केलं. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. रुमाल तर लावूच नका. त्यांच्या मते पुण्याला पाठवणं बरं. त्यांनी दिलेल्या रबरी फुग्याने मी कॅमेरा पालथा धरून आत हवा मारली, तेव्हा चार फिकट ठिपके गेले. मोठा हलला नाही.

शेवटी सेन्सरच्या रुंदीच्या, पुसायच्या चपट्या काड्या आणि औषधाची छोटी बाटली मी मागवली. रविवारी सकाळच्या एसटीने आबा बघायला आले. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ केली, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण चार्ज केलेली होती, कारण मध्येच ती संपली तर कॅमेऱ्यातला पडदा काडीवर मिटतो. आबा दारात स्टुलावर बसून मोबाईलचा उजेड धरून होते. काडीवर दोन थेंब टाकून मी डावीकडून उजवीकडे एकदाच पुसलं.

भिंतीचा फोटो काढला. ठिपका गेला होता, पण ओलसर ओघळाची रेघ आली होती. दुसऱ्या काडीने तीही गेली. आबांनी फोटो मोठा करायला लावला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघून घेतला. मी पहिली काडी कचऱ्यात टाकणार, तोच ते म्हणाले, "टाकू नगंस. तुज्या दुर्बिणीत बघ की."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या साहेबांना विचारून, मी ती काडी काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात दाबली. बहुतेक धागे काडीचेच होते. एक काळा कण होता. आणि त्याच्याजवळ कौलाच्या आकाराचं काहीतरी, एका टोकाला बारीक दांडी, दुसऱ्या टोकाला दाते, अंगावर उभ्या सरळ रेषा. साहेबांनी डोळा लावून बघितलं आणि सांगितलं की हा पतंगाच्या किंवा फुलपाखराच्या पंखावरचा खवला आहे. फुलपाखरू धरल्यावर बोटांना लागते ती भुकटी म्हणजे हेच. नरसिंहपूरला जाण्याआधी मी निरवांगीत एकदा तिन्हीसांजेला, अंगणातल्या दिव्याखाली, भोवती पाखरं फिरत असताना लेन्स बदलली होती, ते मला तेव्हा आठवलं.

तरी ठिपका त्याचाच होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. काळ्या कणाचाही असेल. आबांना मी तसंच सांगितलं आणि मोबाईलवर काढलेला खवल्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. मग विचारलं, "समद्या पाखरांचं असंच असतं का?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला त्यांनी कागदाच्या पुडीत डाळिंबाच्या बागेत मेलेलं एक फुलपाखरू आणलं, त्याच्या अळ्या फळं पोखरतात ते. त्याचे खवले निराळे निघाले, लांबट आणि कमी दात्यांचे. आबांना त्यातच आनंद झाला.

काकूंच्या पसंतीचा संगमावरचा फोटो आता स्वच्छ आभाळासकट ओसरीत लागला आहे. पुड्या अजून येतात. मागच्या आठवड्यात, दोरीवरच्या धोतरावर पडलेली काळी राख आली. सूक्ष्मदर्शकाखाली ती उसाच्या पाचटाची निघाली. जळून गेली तरी पानाच्या पेशींची जाळी जशीच्या तशी होती. मी लगेच फोन लावला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या रानात आलेली ही राख कुणाच्या फडातली, ते त्यात दिसतं का, असं विचारलं.