पांढरे मुराळी

मांडवगण फराट्याच्या बंधाऱ्यावर थंडीत कुरव पक्षी उतरले, की बातमी आधी अकिलाभाभीच्या दारात यायची. कांदा लावायला निघालेल्या बाया रस्त्यावरूनच ओरडायच्या, "भाभी, तुमचं मुराळी आलं बरं का! बॅग भरा आता."

मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला आलेला माणूस. अकिलाचं माहेर हर्णैच्या पलीकडे, अगदी समुद्राला लागून. बाप मासेमारीच्या मचव्यावर तांडेल होता, होडीचा म्होरक्या. दौंडच्या रेल्वेत नोकरीला असलेल्या मामूंनी सोयरीक जमवली आणि छत्तीस वर्षांपूर्वी ती सुभानच्या घरात आली. सुभानचं पाण्याच्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान. घर पुढे दुकान आणि मागे चूल, असं.

पहिल्याच हिवाळ्यात ती गोधड्या धुवायला नदीवर गेली होती. पाण्यावर पांढरे पक्षी घिरट्या घालत होते, लाल पायांचे. मचवा किनाऱ्याला लागला की बापाच्या डोक्यावर हेच पक्षी कालवा करायचे. अकिलानं गोधडी तशीच दगडावर टाकली आणि रडून घेतलं. हे आपल्याच वाळूवरून उडून आलेत, हे तिनं त्या दिवशी ठरवून टाकलं. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि नाही म्हणणारंही कुणी भेटलं नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात सकाळी ती पदरात शिळी भाकरी बांधून बंधाऱ्यावर जायची. टिटव्या, शेकाटे, शेपटी हलवत पळणारे धोबी, सगळ्यांना नावानं ओळखायची. पण भाकरीचा तुकडा वर उडायचा तो कुरवांसाठीच. तो खाली पडायच्या आत त्यांनी झेलला, की ती लहान मुलीसारखी हसायची.

बाप होता तोवर भाऊ रज्जाक दरवर्षी न्यायला यायचा. बाप गेला त्या वर्षी म्हणाला, "फुडल्या साली येतो तुला न्यायला." त्याला सतरा वर्षं झाली. आधी मासेमारीचा हंगाम आडवा आला, मग त्याचे गुडघे.

फोनवर तो म्हणायचा, "अकिलाबाय, तूच ये ना गो."

"न्यायला ये, मग येते," ती म्हणायची.

न्यायला माणूस आल्याशिवाय लेकीनं माहेरची वाट धरू नये, असं तिची आई सांगायची. अकिलानं ते धरून ठेवलं. शिवाय हिवाळा म्हणजे मोटारी जळायचे दिवस. सुभान तार गुंडाळायचा, ती मोटारीच्या खाचांत बसवायचा कागद कापून द्यायची. कुरव येऊन गेले, की माहेर येऊन गेल्यासारखं वाटायचं, आणि तिचं जाणं पुढच्या वर्षावर जायचं. ओल्या वाळूत पाय रुतवून एकदा उभं राहायचं होतं, एवढंच. पण एवढंच राहून जात होतं.

यंदा भिगवणकडचा शंभू मोटार घेऊन आला. सासुरवाडी मांडवगणची, म्हणून सासऱ्याची मोटार त्याच्या गळ्यात पडली होती. एरवी त्याचा धंदा पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवायचा. वाइंडिंग होईस्तोवर तो भाभीबरोबर बंधाऱ्यावर आला.

"भाभी, तुमी भाकर टाकता? आमच्याकडं पाव्हणं शेव टाकत्यात. त्या पाखरांची पार जीभ बिघडवली हाय."

"माझ्या माहेरची आहेत ती. त्यांना शेव नको," अकिला म्हणाली.

"कुठलं तुमचं माहेर?"

"कोकण. समुद्रावरचं."

शंभू हसला. "न्हाई वो भाभी. ही लडाखची. हिमालयाच्या पल्याड तळी हायत, तिथं अंडी घालत्यात. फोटोवाल्यांनी मला चार येळा सांगितलंय."

अकिलाच्या हातातला तुकडा हातातच राहिला. "मग माझ्या बाच्या मचव्यावर कुठनं यायची?"

"हितनंच की! काही हितं ऱ्हात्यात, काही चार दिवस दम खाऊन फुडं समुद्राला जात्यात. समुद्राकडनं येत न्हाईत, समुद्राकडं जात्यात."

त्याला वाटलं, आपण साधी माहिती सांगितली. मोटार टेम्पोत टाकून तो निघूनही गेला.

त्या संध्याकाळी कागद कापताना अकिलानं दोनदा माप चुकवलं. सुभाननं तार खाली ठेवली.

"काय झालं?"

"छत्तीस वर्षं मी यांना माहेरची खुशाली विचारत होते," ती म्हणाली. "यांनी समुद्र पाह्यलेलाच नव्हता. बघायला निघाले होते ते. आणि मी इथं उभी राहून त्यांना भाकरी चारत होते."

सुभान हसला नाही. बाया मुराळ्यावरून चिडवायच्या, तेव्हा तोही हसायचा. ते आता त्याला आठवलं.

"अजून धा मोटारी पडल्यात," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या झाल्या की मी घेऊन जातो तुला. शप्पथ."

"तुम्ही मोटारी बघा. मी कागद कापून ठेवलेत, दहाही मोटारींचे. मी उद्या जाते."

"एकटी? न्यायला कोण आलंय?"

"कुणी नाही आलं."

रात्री तिनं रज्जाकला फोन लावला. उद्या निघतेय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "यष्टी स्टँडवर मी येतो. गुडघे गेले खड्ड्यात."

सकाळी सुभान तिला शिरूरला सोडायला निघाला. बंधाऱ्यावर त्यानं न सांगता गाडी थांबवली. परवा शंभराच्या आसपास असलेले कुरव आज चाळीसही नव्हते. बाकीचे पुढे गेले असावेत. उरलेले सवयीनं तिच्या डोक्यावर आले, ओरडायला लागले.

सुभान म्हणाला, "टाक की."

अकिलानं पिशवीतली भाकरी चाचपली. मग पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

"नको," ती म्हणाली. "तिकडं टाकीन. पुढं गेलेले भेटतीलच."