आत्याबाईंनी न ओळखलेला माणूस

केबलवर तेव्हा दुपारी एक परदेशी मालिका लागायची. माणसं गोरी, पण बोलायची हिंदी, ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. दुसऱ्या ग्रहावरून आलेले काही जीव एका गावात राहत होते. त्यांना हवं त्या माणसाचं रूप घेता यायचं. एकाने दूधवाल्याचं घेतलं होतं, एकाने शाळेतल्या बाईंचं. गावाला पत्ता नव्हता. धुणं वाळत घालून झालं की मी आत्याबाईंच्या शेजारी बसून ती बघायची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पुण्याजवळचं धायरी खेडं होतं तेव्हापासून त्या तिथल्याच. आता खिडकीतून नुसत्या इमारती दिसायच्या आणि आम्हीही तशाच एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत राहत होतो.

मालिका मला धड कळायची नाही. मग मी मुलीला विचारायची. ती कॉलेज संपवून कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती.

"एलियन आहेत ते, आई. परग्रहावरचे."

"मग खरा दूधवाला कुठे गेला?"

"त्याला कुठेतरी ठेवलाय त्यांनी. कळेल पुढे."

"आणि त्याच्या बायकोला काहीच कळत नाही?"

"आई, सायन्स फिक्शन आहे. एवढा विचार नाही करायचा."

पण मी करायची. भांडी घासताना त्या दूधवाल्याची बायको माझ्या डोक्यात असायची. ती त्याला वाढते, त्याचे कपडे धुते, आणि तो तो नाहीच.

आत्याबाईंना मात्र काही अडचण नव्हती. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बहुरूपी हाईत. आमच्या दारी यायचे. एकदा एक जण फौजदार हून आला, तर तुझा सासरा भरल्या ताटावरनं उठून हुबा राह्यला." आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "बहुरूप्याला दाणं दिलं की तो जातो. ह्यांना कुणी दाणं देईना, म्हणून बसल्यात तिथंच."

त्याच सुमारास हे, म्हणजे मुलीचे वडील, कारखान्यातून घरी बसले होते. कारखानाच बंद झाला. बरेच दिवस हे सकाळी उठून, दाढी करून, नुसते खिडकीशी उभे राहायचे. मग हिंजवडीकडच्या एका मोठ्या कंपनीच्या गाडीवर काम मिळालं. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलामुलींना घरून न्यायचं आणि परत सोडायचं. तिथले नियम वेगळे होते. आकाशी शर्ट, काळे बूट, गळ्यात फोटोचं कार्ड. गाडीत तंबाखू नाही. मिशी ठेवायची तर बारीक कापलेली, म्हणून ह्यांनी ती साफच काढली. अंगाला कसलासा फवारा मारायचे, त्याचा वास जिन्यापर्यंत यायचा.

अशा वेशात हे पहिल्यांदा घरी आले तेव्हा आत्याबाई दारातच बसल्या होत्या.

"आई, बघ तरी," हे म्हणाले.

आत्याबाईंनी खालून वर पाहिलं, वरून खाली पाहिलं. हसल्या. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आत गेल्या आणि मूठभर ज्वारी आणून ह्यांच्या ओंजळीत ओतली.

"झकास सोंग आणलंस. जा आता म्होरच्या दारी."

आम्ही सगळे हसलो. मुलगी तर खाली बसून हसली. हे ज्वारी परत डब्यात टाकून आले आणि म्हणाले, "म्हातारीची चेष्टा काही जात नाही." संध्याकाळी मी दिवा लावत होते, तेव्हा आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, "माझा ल्योक अजून आला न्हाई गं." हे समोरच बसून बातम्या बघत होते.

मग ते वाढतच गेलं. त्या मला ओळखत, नातीला ओळखत, खालच्या मजल्यावरच्या बाईंशी त्यांच्या सुनेबद्दल तासभर बोलत. फक्त ह्यांना ओळखत नव्हत्या. ह्यांनी हातात दिलेली गोळी त्या खिडकीतून टाकायच्या. ह्यांनी चादर घातली की ती काढून मला हाक मारायच्या.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं आहे, वयानं होतं. चेहरा त्यांना ओळखू येतो, पण तो आपला आहे ही आतली जाणीव होत नाही. म्हणून वाटतं, दिसतो तर तसाच, पण हा दुसराच कोणीतरी आहे.

"मला एकट्यालाच का पण?" ह्यांनी विचारलं.

"कधीकधी सगळ्यात जवळच्या माणसाबद्दलच होतं असं. वाद घालू नका."

रिक्षातून येताना मी विचार करत होते. डॉक्टरांनी सांगितलं ते आणि मालिकेतलं, ह्यात मला फारसा फरक दिसेना. दिसतो तसाच, पण दुसराच. फक्त एकीकडे त्याला आजार म्हणतात.

आणि खरं सांगायचं तर मीही तेव्हा ह्यांच्याकडे चोरून बघायला लागले होते. ज्याच्याशी माझं लग्न झालं त्या माणसाच्या हातांना लोखंडाचा वास यायचा, कितीही साबण लावला तरी. तो वास गेला होता. फोन वाजला की हे म्हणायचे, "येस मॅडम, टू मिनिट्स मॅडम," आणि तो आवाज आमच्या घरातला नव्हता. मुलीने सांगितलं होतं की एलियन सगळी नक्कल करतो, पण एखादी बारीक गोष्ट चुकते. मी ती बारीक गोष्ट शोधायला लागले. एक दिवस दिसलं की हे चहा बशीत ओतून पीत नाहीत, कपानेच पितात.

"बशी का नाही घेतलीत?"

"सवय गेली. तिकडं सगळे कपानंच पितात."

आता ही ती बारीक गोष्ट होती की नव्हती? स्वतःचंच हसू आलं, आणि थोडी भीतीही वाटली. कुणाला विचारणार.

ह्यांना एवढंच हवं होतं की आईने एकदा आपल्याला ओळखावं. त्यासाठी काय काय केलं. मिशी वाढवायला घेतली. बारीक राखायची म्हणून कंपनीही काही बोलली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आता मिशी लावून आलाय." ट्रंकेतून कारखान्याचा जुना खाकी शर्ट काढून घातला. आत्याबाई रडायलाच लागल्या. "त्याचं कापडं बी चोरलं गं ह्यानं. त्याला मारला का काय?"

त्यानंतर त्यांनी जेवण सोडलं. हे घरात असले की ताटाला हात लावेनात. परक्याने अन्नाला हात लावला असेल म्हणायच्या. मी केलेलंही खाईनात. त्यांचे हात काटकीसारखे झाले, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळीने द्यावं लागेल.

एका रविवारी हे घरी होते. आत्याबाईंनी ताट पायाने सारलं. हे मला म्हणाले, "तू सांग तिला. तुझं ऐकेल ती."

मी त्यांच्याजवळ बसले. "आत्याबाई, हेच आहेत ते."

"हे म्हंजी कोण?"

"हे म्हणजे... हे."

"हे हे काय करतीस? कोण हाय त्यो?"

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेही ओठातल्या ओठात, शेजारच्या करवलीलासुद्धा ऐकू गेलं नाही. कुठे विचारलं तर मी मुलीकडे बघायची आणि ती सांगायची. मला ते कधी जड वाटलं नव्हतं. नाव न घेता सगळं चाललं होतं. इथेही मी ते लिहीत नाही.

"घेऊन टाक गं," हेच म्हणाले. "एकदा घे. आईसाठी."

मी पदर नीट केला आणि नाव घेतलं. आडनावासकट, मोठ्याने. कान तापले. मुलगी दारात उभी होती, तिचं तोंड उघडंच राहिलं. माझ्या तोंडून आपल्या वडिलांचं नाव तिनेही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

आत्याबाई एकदम शांत झाल्या. मला वाटलं, जमलं. ह्यांनाही वाटलं असावं, कारण हे पुढे सरकले.

आत्याबाईंनी माझा हात धरला. "बघ. तूच बोललीस."

"काय?"

"नवऱ्याचं नाव बाई असं घेती व्हय? तुला पोर झाली तवा घेतलं न्हाईस, सासरा गेला तवा घेतलं न्हाईस. ह्याचं कसं घेतलंस खणखणीत! म्हंजी हा तुझा नवरा न्हाई. तुला बी ठावं हाय ते."

त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यात चूक काहीच नव्हती. मी त्यांच्या घरात आल्यापासून त्यांनीच मला हे वळण लावलं होतं, आणि मी तशीच वागले होते. हे आधी हसले. मग दाराबाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसले.

त्या दिवसापासून आत्याबाई मला सांभाळायला लागल्या. "तू हितं माझ्यापाशी नीज. परका माणूस हाय घरात." मी त्यांच्याजवळ अंथरूण टाकायला लागले.

आणि मग एक दिवस हे कामावरून आले आणि आत आलेच नाहीत. दार उघडं होतं, तरी घंटी वाजवली. मी ओल्या हातांनी बाहेर आले. हे बूट काढून उंबऱ्याबाहेर उभे.

"मावशी, आहे का कुणी घरात?"

आत्याबाईंनी मान वर केली. "कोण रं तू?"

"गाडीवाला आहे, मावशी. इकडून चाललो होतो. पाणी मिळंल का?"

"ये की. बस. उन्हाचा आलास." मग माझ्याकडे वळून, "बघत काय हुबी राह्यलीस? पाव्हण्याला पाणी दे. नुस्तं देऊ नको, गूळ दे."

मी पाणी आणलं. तोंडात 'अहो' आलं होतं, ते गिळलं. "पाहुणे, चहा घेणार का?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "घेईन की, वहिनी."

आतल्या खोलीत मुलगी उशीत तोंड खुपसून हसत होती, ते मला ऐकू येत होतं. मला हसू आलं नाही. लग्नाच्या नवऱ्याने वहिनी म्हटल्यावर बाईने कसं उभं राहायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आत्याबाई म्हणाल्या, "जेवूनच जा." आणि पाहुण्याला एकट्याला जेवू द्यायचं नसतं म्हणून त्याही पानावर बसल्या. अर्धी भाकरी खाल्ली. बऱ्याच दिवसांनी खाल्ली. खाता खाता सांगत होत्या, "माझा ल्योक बी तुझ्याएवढाच हाय. कंपनीत हाय. लई गुणाचा. ल्हानपणी पाटाच्या पाण्यात पडला हुता, मीच वढून काढला. कामाला जातो, अजून आला न्हाई बघ."

"येईल की, मावशी," हे म्हणाले.

"तसा येतो. उशीर करतो."

मग रोजच तसं व्हायला लागलं. हे घंटी वाजवायचे, पाहुणे व्हायचे, आत्याबाई त्यांच्याबरोबर जेवायच्या. गोळीही घ्यायला लागल्या, कारण पाहुण्याने सांगितलं की त्याची आईसुद्धा हीच घेते. रात्री त्यांचा डोळा लागला की हे हळूच आत येऊन झोपायचे आणि त्या उठायच्या आत बाहेर पडायचे. रविवारी हे सकाळीच बाहेर पडून उन्हात फिरायचे आणि दुपारी पाहुणे होऊन यायचे. आपल्याच घरात राहायला जागा नाही आणि जेवायला रोज आग्रह, अशी गत.

एकदा मी विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"कळत नाही गं. पाटात पडलो होतो ते मला माहीतच नव्हतं. कारखान्यातून यायचो, जेवायचो, झोपायचो. तिनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही."

ती मालिका मधेच बंद झाली. केबलवाल्याने ते चॅनेलच काढून टाकलं. खरा दूधवाला कुठे होता, ते मला कधी कळलं नाही. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, मलाही माहीत नाही. मी मात्र अजून विचार करते, की रूप घेतलेल्याला तरी आठवत असेल का आपण मूळचे कोण ते. ह्यांचा उंबऱ्याबाहेरचा आवाज आणि आतला आवाज हळूहळू एकच होत चालला होता. एकदा स्वयंपाकघरातही मला वहिनी म्हणून गेले आणि त्यांच्या लक्षात आलं नाही.

थंडीत आत्याबाईंना ताप आला आणि त्या खूप थकल्या. बसवून खायला घालावं लागे. तरी घंटी वाजली की डोळे उघडायच्या. एका दुपारी ह्यांनी त्यांना भाताची पेज भरवली. मी आत भाकऱ्या थापत होते, सगळं ऐकू येत होतं.

"तुझी आई हाय का रं?"

"आहे, मावशी."

"जेवली का ती?"

"जेवली."

"बरं झालं. माझा ल्योक वाटंत कुठं भेटला तर त्याला सांग. म्हणावं, आईनं खाल्लंय. घोर करू नको. सावकाश ये म्हणावं, गाडी जोरात हाणू नको."

"सांगतो."

हे वाटी घेऊन आत आले. ओट्यापाशी ठेवली आणि तिथेच उभे राहिले.

"काय म्हणाल्या?" ऐकलं होतं तरी मी विचारलं.

"निरोप दिलाय."

"कुणाला?"

"मला." मग वाटी उचलून विसळत म्हणाले, "नाही. त्याला."

बाहेरून आत्याबाईंची बारीक हाक आली, "अगं, पाव्हणा गेला का? उपाशी लावू नको त्याला."

मी ताट वाढलं. हे भिंतीला टेकून बसले. तव्यावरची भाकरी फुगली होती, ती मी उचलली.

"अहो, वाढू का?" मी हळूच विचारलं.

माझ्या त्या 'अहो'ला कोणी ओ द्यायची, नवऱ्याने की पाहुण्याने, ते बहुधा त्यांना ठरवता येत नव्हतं. मलाही ते सांगता आलं नसतं. मी भाकरी ताटात वाढली आणि ते जेवायला लागले.