यंदा पिंपं भरायची नाहीत

वसईहून विमानतळाकडे निघालो तेव्हा पप्पांनी हायवेवर एका ठिकाणी टॅक्सी हळू घ्यायला सांगितली. तिथं पूर्वी त्यांचा बाटल्यांचा कारखाना होता, आता टॉवर उभे होते. मला वाटलं, पप्पा निघताना आशीर्वादाचं काही बोलतील. ते म्हणाले, "कारखाना बंद होणार हे कुणी सांगत नसतं, बाळा. आधी मशीनला तेल घालणं थांबतं." मम्मी चिडली. पोरगी शिकायला चालली आहे आणि यांचं हे भलतंच. मीही मनात हसले. अॅडलेडला, मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत फूड सायन्स शिकायला निघालेल्या मुलीला कुठलं मशीन आणि कुठलं तेल!

शिक्षण संपल्यावर तिथून जवळच, बरोसाच्या द्राक्षमळ्यांतल्या एका जुन्या वायनरीच्या लॅबमध्ये लागले आणि तिथलीच झाले. वसईत राहिलेल्यांना वाटतं मी दारूच्या गुत्त्यावर बसते, आणि सिडनीला गेलेल्या मित्रांना वाटतं मी रोज झुलत घरी येते. दोघांनाही एकदाच सांगून टाकते. आम्ही फॉर्टिफाइड वाइन करतो. द्राक्षांचा रस आंबत असतानाच त्यात कडक स्पिरिट घालायचं, म्हणजे आंबणं थांबतं, गोडी राहते आणि वाइन वर्षानुवर्षं टिकते. टिकायची म्हणूनच एके काळी ती पिंपं भरभरून जहाजानं इंग्लंडला जायची, आणि या देशातही वाइन म्हणजे बहुतेक हीच. मग लोकांची जीभ बदलली. पुढे तिचं पोर्ट हे नावही पोर्तुगालला परत द्यावं लागलं, आता लेबलवर टॉनी, म्हणजे तपकिरी, एवढंच लिहितो. मी लागले तेव्हाच चाखायला येणारी सगळी माणसं पिकल्या केसांची होती. हळूहळू तीही यायची थांबली, आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

आमच्या सेलरमध्ये, म्हणजे वाइन मुरते त्या कोठारात, लाकडी पिंपांच्या रांगा आहेत, सगळ्यात जुनीपासून सगळ्यात नवीपर्यंत. दरवर्षी जुन्या रांगेतली थोडी वाइन बाटल्यांत भरायची. तिथली तूट तिच्याहून तरुण रांगेतून काढायची, तिची पुढच्या रांगेतून, आणि शेवटच्या रांगेत त्या वर्षीची नवी वाइन ओतायची. सेलर सांभाळणारा केव्हिन एरवी तोंडाळ माणूस, पण त्या दिवसांत चर्चमध्ये मिस्साला उभा असल्यासारखा गप्प असतो.

यंदा द्राक्षं खुडायच्या आधी सिडनीच्या ऑफिसातून मॅनेजर आली. गोड बोलली, सगळ्यांची चौकशी केली आणि जाता जाता म्हणाली, या वर्षी नवी वाइन करायची नाही, पिंपं आहेत तशी राहू द्या. एवढ्या वर्षापुरतंच, नो वरीज. केव्हिननं मान डोलावली.

द्राक्षांना भाव नाही म्हणून आजूबाजूचे शेतकरी तेव्हा वेली मुळासकट उपटून पेटवत होते. वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास यायचा. इकडे लाकूड आपलं वाइन पितच होतं आणि पिंपांतली पातळी उतरत होती. ती मी मोजायची आणि केव्हिननं मुकाट बघायची. शेवटी कुणाला न विचारता त्यानं जुनी रांग वाचवायला तरुण पिंपांतून वाइन काढायला घेतली, आणि मीही हातभार लावला. शेवटची रांग कोरडी पडली. रिकामं पिंप सुकलं की फळ्या आकसतात, मग पुन्हा भरलं तरी गळतं. त्यातल्या एकावर थाप मारून केव्हिन म्हणाला, "ओल्ड वन्स विल बी ऑलराइट, मेट. इट्स द यंग वन्स दॅट गो ड्राय."

हे मी पप्पांना फोनवर सांगितलं. "तेल थांबलं म्हण की," ते म्हणाले, आणि फोन मम्मीकडे दिला. मला भीती वाटली, आणि ती तेव्हापासून गेलेली नाही.

गेल्या आठवड्यात टँकर आला. आम्ही वाचवलेली जुनी वाइनही घाऊक विकली गेली. रिकामी पिंपं अर्धी कापून लोकांच्या बागेत कुंड्या म्हणून जातील. माझा नवरा रॉनी सिडनीत, पॅरामॅटाच्या ऑफिसांत इंटरव्ह्यू देतोय. तिथल्याच ब्लॅकटाउनमध्ये राहणारे मित्र म्हणतात, या की, इथं सगळं मिळतं, नाताळला मराठीत मिस्साही असतो. त्यांचं बरोबरच आहे. नोकरी नाही तर या गावात आमचं काय?

काल साराला शाळेतून आणताना सांगितलं, आपण सिडनीला राहायला जाऊ. माझी लेक इथंच जन्मली. मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते.

"फॉर द हॉलिडेज?" तिनं विचारलं.

"नाही गं, कायमचं."

तिनं जरा विचार केला. "ओके. बट व्हेन डू वी कम होम?"

मी माझं घर हौसेनं सोडलं होतं, आणि इतकी वर्षं घराच्या आठवणी काढायचा हक्क आपलाच आहे असं मला वाटायचं. आता माझ्यासाठी घर म्हणजे सारा जिथं परत यायचंच असं धरून चालते ती जागा. तिला तिथून मीच उठवणार आहे.