पेशीसाठी गाऱ्हाणं

आमच्या मालवणाकडच्या गावात देवाला मनातल्या मनात मागायची सोय नाही. देवापुढे नारळ ठेवायचा, मानकऱ्याने मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. सगळ्या गावाला कळल्याशिवाय देवाला कळत नाही.

आईच्या घराण्यात जनुकातली एक चूक आहे. आजीची नजर तिच्यामुळेच गेली, आता आईची चालली आहे. मी पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याच चुकीमागे लागले आहे. चूक कापणारं प्रथिन, म्हणजे एक कातरच, चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरून पेशीत धाडायचं. पेशी कण आत घेते, पण पिशवीत कोंडून तिथेच पचवते. माझे कण असे कित्येक महिने पचत होते. फोनवर हे रडगाणं ऐकून आईने नारळ आणला आणि सुट्टीत मला देवळात उभं केलं.

“नेमका काय मागूचा?” मानकरी काकांनी विचारलं. “देवाक अर्धवट सांगून चलना नाय.”

मी सगळं समजावलं.

“म्हंजे पावणो इलो, पण पडवेतच बसान रवलो?”

“बसला तर बरं, काका. इथे पाहुण्यालाच खाऊन टाकतात.”

काकांनी माझ्याकडे बोट करून आवाज लावला. “बा देवा महाराजा, ह्या चेडवाची कातर पेशीच्या पोटात अडाकता, ती भायर काड रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“आनी कातरीक जा गावात ता कापूंदे रे महाराजा!”

“नको!” मी ओरडले. “सापडेल ते नको, फक्त चूक आहे तिथेच!”

“व्हय महाराजा!” लोक मलाही म्हणाले.

“गाऱ्हाना मी घालतंय की तू?” काका भडकले, आणि त्याच दमात पुढे म्हणाले, “हिच्या आवशीचे डोळे बरे होवंदेत रे महाराजा!”

मला राहवेना. “काका, तसं मागू नका. हे अजून बशीतल्या पेशींत चाललंय. माणसापर्यंत यायला वर्षं लागतील. आईला मिळेलच असं नाही.” आईसमोर हे मी प्रथमच बोलले. माझी मलाच चीड आली.

आईने चाचपत नारळावर हात ठेवला आणि स्वतःच म्हणाली, “माका गावला नाय तरी चलात रे महाराजा. माझ्या चेडवाची नजर जावच्या आदी तिच्या हातान ह्या काम होवंदे.”

या वाक्यात मला काहीच दुरुस्त करता आलं नाही.