सबब नावाची घोडी

वकिलाच्या आयुष्यात काम थोडं आणि वाट पाहणं फार. पक्षकार आला तर साक्षीदार येत नाही, दोघं आले तर साहेब रजेवर. मग बाररूममध्ये बसायचं, चहा मागवायचा आणि बोलत राहायचं. असं वर्षानुवर्षं बसून माझ्याकडे जे साठलंय, त्यातलं निम्मं एकट्या बॅरिस्टर मठपतींचं आहे. त्यातलं खरं किती, ते विचारू नका. मी काही शपथेवर बोलत नाहीये!

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. मी सनद घेऊन देगलूरहून नवा नवा आलेलो. जिल्हा झाला, पण जागा कुणालाच पुरत नव्हती, म्हणून आमची बाररूम एका बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामात होती. पत्रा तापला की भिंतींतून तुरीच्या डाळीचा वास यायचा आणि भर अकरा वाजता सगळ्यांना जेवणाची आठवण व्हायची.

त्याच सुमारास पावसाने पाठ फिरवली. एकीकडे कचेऱ्या, क्वार्टर्स, रस्ते, तलाव असं सगळं एकदम बांधायला काढलेलं आणि दुसरीकडे सिमेंटवर मारायला पाणी नाही. बांधकाम रखडलं की भांडण, आणि भांडण झालं की बॅरिस्टर मठपती. कंत्राटांचे खटले त्यांच्यासारखे चालवणारा दुसरा माणूस आमच्याकडे नव्हता.

* * *

बॅरिस्टर मूळचे उदगीरचे. कपाळावर विभूती आणि अंगात विलायती कोट. "पोराला कायदा शिकायला लंडनला धाडलं, तर गडी घोडे बघून आला," असं त्यांचे वडील म्हणायचे म्हणे. त्यात तथ्य होतं. तिकडच्या शर्यतींबद्दल बोलताना त्यांचे डोळे अर्धे मिटायचे आणि आवाज हळू व्हायचा. पैसे लावायची त्यांना गोडी नव्हती. आपली घोडी सगळ्यांच्या पुढे येताना एकदा बघायची, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं.

म्हणून त्यांनी माळेगावच्या यात्रेतून एक राखाडी घोडी आणली आणि तिचं नाव ठेवलं 'सबब'. आपल्या अर्जांमध्ये सगळी रडकथा सांगून झाली की शेवटचा परिच्छेद 'सबब' या शब्दाने सुरू होतो.

मी म्हटलं, "साहेब, हा शब्द नेहमी शेवटी येतो."

"पण सोनकांबळे, मागणं त्याच्यानंतरच मागता येतं."

घोडी नावाला जागली. प्रत्येक शर्यतीत शेवटीच आली. तिची देखभाल करणारा आणि तिच्यावर बसणारा रहीमभाई तिची बाजू घ्यायचा. "साब, जनावर लई चांगलं हाय. फकत तिला घाई न्हाई."

* * *

एका कंत्राटदाराचं शाळेचं बांधकाम रखडलं होतं. पाण्याअभावी काँक्रीट भिजवता आलं नाही, सबब मुदत वाढवून मिळावी, असं बॅरिस्टरांचं म्हणणं. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"बॅरिस्टर, याच कामाला तुम्ही आधी पाऊस पडला म्हणून मुदत मागितली होती."

"होय साहेब."

"आणि आता पाऊस पडला नाही म्हणून मागताय?"

"दोन्ही वेळा मी खरं बोलतोय साहेब. खोटं पाऊस बोलतोय."

मुदत मिळाली.

* * *

दुसरा किस्सा एका पाझर तलावाचा. तलाव गळतो, असं सरकारी इंजिनिअर म्हणत होते. गळत नाही, असं कंत्राटदार म्हणत होता. आणि तलावात थेंबभर पाणी नव्हतं! गळतीचा वाद मिटवायला लवाद म्हणून एक निवृत्त मोठे इंजिनिअर नेमले होते. आम्ही सगळे भर उन्हात त्या कोरड्या तलावाच्या बांधावर जाऊन उभे राहिलो.

बॅरिस्टरांनी बोलायला सुरुवात केली. पाणी कुठून येईल, पहिल्यांदा त्या बाभळीपाशी कसं थबकेल, मग चढत चढत या दगडाला कसं लागेल, वारा सुटला की लाटा कुठल्या बाजूला जातील. आवाज एकदम खाली. सरकारी इंजिनिअर विरोध करायचे विसरले. मी स्वतः त्या भेगाळलेल्या मातीकडे बघत होतो आणि मला गारवा लागत होता, हे मी कबूल करतो. इतक्या महिन्यांत तेवढं पाणी कुणी पाहिलंच नव्हतं.

भाषण संपलं. लवाद साहेब पलीकडची भिंत तपासायला निघाले. तळात उतरण्याआधी त्यांनी वाकून पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली.

* * *

औशाच्या बाजूला एका गावच्या जत्रेत घोड्यांची शर्यत होती. बॅरिस्टरांनी तिथल्या पंचांना बसवून शर्यतीच्या अटी लिहून काढल्या. सुरुवातीची रेषा, अंतिम रेषा, दोन्ही चुन्याने आखलेल्या. लोक कौतुकाने बघत होते. शर्यत सुटली, पुढचे घोडे आले, मागून गर्दी धावली आणि चुना पार पुसला गेला.

बॅरिस्टर लगेच पुढे. "माझी हरकत आहे. अंतिम रेषाच शिल्लक नाही, तर ती ओलांडली हे ठरवणार कसं?"

म्हाताऱ्या पंचाने पटका सारखा केला. "बालिस्टरसाहेब, रेघंचं ऱ्हाऊ द्या. तुमची घोडी कुठं हाय?"

बॅरिस्टरांनी लांब बघितलं. माळाच्या टोकाला थोडी धूळ दिसत होती. ती धूळ हळूहळू, सकाळी उठून पाणी आणायला निघाल्यासारखी, आमच्याकडे येत होती.

"काम प्रगतिपथावर आहे," ते म्हणाले.

* * *

हसणं तिथवरच. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला टँकर यायला लागले. बॅरिस्टरांच्या गल्लीत बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या, आणि त्यांच्यासमोरून रहीमभाई घोडीची बादली घेऊन जायचा. बायका काही बोलत नव्हत्या. बॅरिस्टरांनी आपल्या अंघोळीचं पाणी घोडीला द्यायला सुरुवात केली. तरी पुरेना.

शेवटी बॅरिस्टरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बोलल्या. मी समोरच बसलेलो होतो.

"घोडीला बोलता येत न्हाई म्हणून तुम्ही तिचे वकील झालात. या बाया बी बोलून न्हाई राहिल्या. त्यांचं वकीलपत्र कोण घेणार?"

आयुष्यात पहिल्यांदा बॅरिस्टरांनी मुदत मागितली नाही. मला म्हणाले, "गिऱ्हाईक बघा."

देगलूरचा हणमंतू माझ्या ओळखीचा होता. लेंडी नदीच्या काठी त्याची विहीर होती आणि तिला अजून पाणी होतं. घोड्यांचा शौकीन, मराठीत तेलुगू मिसळून बोलणारा, सरळ माणूस. तो यायचा म्हटल्यावर बॅरिस्टर कराराचा मसुदा करायला बसले. एवढी कलमं मी कुठल्या धरणाच्या करारातही पाहिली नाहीत. घोडी वरातीला भाड्याने द्यायची नाही. तिला 'सबब' याच नावाने हाक मारायची. संध्याकाळी थोडा वेळ नदीकडे तोंड करून उभी करायची. वर्षातून एकदा तिला पळवायची आणि तेव्हा विकणाऱ्याला तिथे हजर राहण्याचा हक्क राहील.

मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "सोनकांबळे, यावर कुठलाही शहाणा माणूस सही करणार नाही." चेहरा लहान मुलासारखा खुलला होता.

हणमंतू आला. मी विचारलं, "वाचून दाखवू का?"

"कशाला सार? बालिस्टरनं लिव्हलंय म्हंजे बराबरच आसंल."

आणि त्याने सही केली. न वाचता सही करणाऱ्यांच्या जिवावर ज्याची सगळी वकिली चालली, तो माणूस ऐन वेळी तेच विसरला होता! वहिनी म्हणाल्या, "मोडा की मग करार." बॅरिस्टरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "कलमं माझी आहेत. मोडू कशी?" घोडी गेली, तेव्हा ते दारात आले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

* * *

पुढच्या सालीही पाऊस नव्हता. होळीच्या आसपास हणमंतू आमच्या बाररूममध्ये हजर. करार त्याने घरी जाऊन कुणाकडून तरी वाचून घेतला होता आणि भलताच मनावर घेतला होता.

"नावाचं कलम जमलं सार. आता तर म्हशी बी 'सबब' म्हटलं की येऊन राहिल्यात. नदीकडं तोंड करून बी उभी करतो. पण ते पळवायचं कलम हाय बघा, त्याची तारीख जवळ आली. तुम्ही यायला पायजे."

बॅरिस्टर, रहीमभाई आणि मी एसटीने देगलूरला गेलो. लेंडीचं पात्र कोरडं पडलं होतं. सकाळची वेळ, वाळूवर पांढरं धुकट ऊन. बॅरिस्टर कोट घालून अंतिम रेषेपाशी उभे राहिले. मी आजूबाजूला पाहिलं. शर्यत म्हणावी तर माणूस नाही, घोडा नाही.

"बाकीचे घोडे कुठं आहेत?" मी विचारलं.

"कुठनं आणू सार?" हणमंतू म्हणाला. "चारा न्हाई, पाणी न्हाई. ह्या पट्ट्यातल्या समद्यांनी इकून टाकले. ही एकलीच उरली."

तो घोडीवर बसून नदीच्या वळणापर्यंत गेला. तिथून त्याने हात वर केला आणि टाच मारली. टापांचा आवाज वाळूत येतच नव्हता. राखाडी घोडी त्या पांढऱ्या उजेडात आधी दिसेना, मग दिसली, मग मोठी होत गेली. ती पळत होती. खरोखर पळत होती, मान पुढे काढून. आमच्या पुढून गेली, तेव्हा बॅरिस्टरांच्या कोटावर वाळू उडाली. त्यांनी ती झटकली नाही.

रहीमभाईचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, "साब, आली की हो. पयला नंबर बोला की."

बॅरिस्टर वळणाकडे बघत होते. तिथे कुणी नव्हतं. रिकाम्या पात्रातली धूळ खाली बसली, तरी ते बघतच राहिले.

"थांब रहीम," ते म्हणाले. "मागचे येऊ देत."