निशाण न चढवलेली दुपार

माझे वडील पांडुरंगराव बिडवई यांना ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सगळे ‘हवावाले अण्णा’ म्हणत. आमच्या घराण्यात पूर्वी पंचांग सांगण्याचं काम होतं. अण्णांच्या वडिलांनी दरबारात मुहूर्त काढून दिले. अण्णांना मात्र नक्षत्रांपेक्षा पाऱ्याचं वेड. कंपू नावाच्या भागाकडे एका उंचवट्यावर संस्थानाचं छोटंसं वेधघर होतं, तिथे ते १९३३ साली लागले. पांढऱ्या रंगाची जाळीदार पेटी, तिच्यात उष्णतामापक, बाहेर पाऊस मोजायचं नळकांडं, आत भिंतीवर हवेचा दाब दाखवणारा पारा. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला आकडे टिपायचे, एवढंच काम.

निशाणाची कल्पना अण्णांची. आमच्याकडे उन्हाळ्यात आंधी येते. कधी नुसती धूळ, कधी दिवसाढवळ्या काळोख करणारी. ती यायची चिन्हं दिसली की अण्णा वेधघराच्या छतावरच्या काठीला तांबडं निशाण चढवत. वरच्यांनी त्यांना तसं कधी सांगितलं नव्हतं आणि मनाईही केली नव्हती. दाना ओलीतल्या, नई सडकेवरच्या छतांवरून ते निशाण दिसायचं. रंगारी लुगडी दोरीवरून ओढून घ्यायचे, हलवाई कढया झाकायचे, बायका वाळवणं गोळा करायच्या. एकदा फाल्गुनात निशाण चढलं आणि तासाभरात लिंबाएवढ्या गारा पडल्या. नई सडकेवरच्या एका रंगाऱ्याने दुसऱ्या दिवशी आईला गुलाबी लुगडं रंगवून आणून दिलं. आईने ते बरीच वर्षं नेसलं.

दर वेळी आंधी यायचीच असं नाही. मग गल्लीतले लोक चिडवायचे, “काय अण्णा, आज आंधी छुट्टीवर गेली का?” अण्णा हसायचे, पण त्या रात्री त्यांना जेवण जायचं नाही.

आमच्या समोरच्या घरात तिसऱ्या मजल्यावर दुर्गामावशी राहायच्या. त्यांचे यजमान जयसिंहराव संस्थानाच्या फौजेत होते. फौज भारतीय सैन्यात सामील झाली, त्यानंतर वर्षभरातच ते तापाने गेले. मावशी उडदाचे पापड, कुरडया, सांडगे करून विकत. लष्कर भागातल्या पुष्कळ मराठी घरांत त्यांचेच पापड असत. हात असा, की पापड कागदासारखा पातळ आणि सगळे एका मापाचे. त्यांची मुलगी सरोजिनी माझ्याच वर्गात होती. मी कशीबशी पास होणारी, ती पहिली येणारी. बीजगणित ती मला समजावून सांगायची. ती डॉक्टर होणार असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं आणि मावशींनाही ते पटलेलं होतं.

संस्थान गेलं आणि मध्य भारत झाला, तेव्हा अण्णांना फारसं काही वाटलं नाही. “राजा असो नाहीतर मंत्री, पारा तोच,” असं ते म्हणत. ग्वाल्हेर तेव्हा दर वर्षी निदान सहा महिने तरी राजधानी असायची. पण छप्पन्नच्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि शहरातून एकेक कचेरी उठायला लागली. टेबलं-खुर्च्या भरलेले ट्रक स्टेशनकडे जाताना आम्ही शाळेतून येता येता बघायचो. ओळखीची घरंच्या घरं भोपाळला गेली. अण्णांच्या वेधघराचं काय, हे सहा महिने कोणालाच माहीत नव्हतं. मग सत्तावन्नच्या जेठात हुकूम आला. वेधघर बंद. सामान खोक्यांत भरून भोपाळला पाठवायचं. अण्णांची बदली इथेच जुन्या दफ्तरांच्या खोलीत.

ताबा घ्यायला बाहेरगावचा एक तरुण अधिकारी आला होता. यादी करताना त्याला ते निशाण सापडलं.

“यह किसलिए है?” त्याने विचारलं.

अण्णांनी सांगितलं.

तो हसला. “आँधी तो यहाँ रोज़ आती है, पंडितजी. झंडे से रुक जाती है क्या?”

बरोबरचे दोन कारकूनही हसले. त्यांतला एक अण्णांच्याच हाताखाली शिकलेला होता. अण्णांनी यादीवर सही केली. अधिकारी जेवायला निघून गेला, किल्ली संध्याकाळी द्यायची ठरली.

यापुढचं मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. चार वर्षांनी अण्णांच्याच तोंडून ऐकलं.

दुपारी तीनच्या सुमाराला त्यांनी सवयीने पाऱ्याकडे बघितलं. तो अजून खोक्यात गेला नव्हता. उन्हाळ्यात दुपारी पारा थोडा उतरतोच, पण त्या दिवशी तो इतका खाली होता की चोवीस वर्षांत तसा त्यांनी दोनदाच पाहिला असेल. सकाळपासून वाहणारा गरम वारा, लू, एकदम थांबली होती. पानही हलत नव्हतं. पश्चिमेला आभाळाच्या तळाशी मातकट पट्टा होता. अण्णांनी खोकं उघडून निशाण बाहेर काढलं, शिडीपर्यंत गेले. एक पाय शिडीवर ठेवला. मग त्यांच्या मनात आलं, ‘कशाला? ज्यांचं राज्य, त्यांनी बघावं.’ निशाण परत खोक्यात टाकून, किल्ली चौकीदाराकडे देऊन ते घरी निघाले.

इथून पुढचं मी पाहिलेलं आहे. सुट्टीचे दिवस होते. सरोज आमच्याकडे आली होती, आम्ही दोघी खिडकीत बसून गणितं सोडवत होतो. अण्णा गल्लीत शिरले तेव्हा दुर्गामावशी छतावर खाटा मांडून, त्यांवर धोतर पसरून पापड घालत होत्या. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लग्नघरी चारशे पापड द्यायचे होते.

त्यांनी वरूनच विचारलं, “अण्णा, आज लवकर? निशाण दिसत नाही, म्हणजे आज काही नाही ना?”

अण्णा वर न बघता म्हणाले, “मला काय विचारता? आता भोपाळला विचारा!”

मावशी हसल्या. थट्टाच वाटली त्यांना. आम्हीही हसलो. अण्णा घरात आले, पाणी न पिता खुर्चीवर बसून राहिले. आईने दोनदा विचारलं, “काय झालं?”

अर्ध्या-पाऊण तासाने उजेडाचा रंग बदलला. आधी पिवळा झाला, हळदीच्या पाण्यासारखा. गल्लीतली कुत्री गप्प झाली. आम्ही खिडकीतून पाहिलं तर गल्लीच्या टोकाला, घरांच्या वर, विटकरी रंगाची भिंत उभी होती आणि ती आपल्याकडे येत होती. किल्ल्यापेक्षा उंच. तिच्यापुढे घारी उडत होत्या, खालीवर भेलकांडत. पिवळ्याचा तांबडा झाला, तांबड्याचा काळा. मग आवाज आला. कितीतरी आगगाड्या एकदम अंगावर याव्यात तसा. दारं-खिडक्या आपटल्या, आई कंदील शोधत होती, मला माझा हात दिसत नव्हता. तोंडात, नाकात, डोळ्यांत नुसती माती. छतांवरचे पत्रे सुटून कुठेतरी आदळत होते.

सरोज ओरडली, “आई वर आहे!”

अण्णा ताडकन उठले. तोंडाला पंचा गुंडाळला आणि दार उघडून त्या काळोखात गेले. आईने त्यांचा सदरा धरला होता, तो फाटला. समोरचं घर बारा पावलांवर, पण त्यांना जिना सापडायला किती वेळ लागला कोण जाणे. आम्ही सरोजला घट्ट धरून बसलो.

आंधी अर्धा तास चालली असेल. शेवटी चिखलाचे मोठमोठे थेंब पडले आणि उजेड आला. हवा गार झाली. लोक गल्लीत आले, अंगावरची माती झटकत म्हणू लागले, “चला, ठंडक तरी झाली!” तेवढ्यात अण्णा जिन्यातून खाली आले. दुर्गामावशींना त्यांनी खांद्यावर घेतलं होतं. मावशींच्या उजव्या मनगटाला पंचा बांधलेला होता आणि तो पंचा कोणत्या रंगाचा होता ते ओळखू येत नव्हतं.

मावशी पापड गोळा करत होत्या. शेजारच्या छतावरचा पत्रा उडून आला आणि त्यांच्या मनगटावरून गेला. अण्णा वर पोचले तेव्हा त्या खाटेखाली पडलेल्या होत्या. त्यांनी मनगट आवळून बांधलं, म्हणून जीव वाचला, असं डॉक्टरांनी सांगितलं. हातही राहिला. पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. बोटं मिटेनात. लाटणं धरता येईना.

गल्लीत अण्णांचं नाव झालं. “अशा आंधीत कोण जातं बाहेर? अण्णा होते म्हणून.” नई सडकेवरचे लोक हात जोडायचे. अण्णा मान खाली घालून पुढे जायचे. लोकांना तो विनय वाटायचा. मावशी तर त्यांना देवासारखं मानायला लागल्या. दर राखीपौर्णिमेला डाव्या हाताने अण्णांना राखी बांधायच्या. गाठ सरोज मारायची.

जुलैत शाळा उघडली तेव्हा सरोज आली नाही. आता पापड ती लाटत होती. पहाटे पीठ मळायचं, दिवसभर लाटायचं, संध्याकाळी घरोघर पोचवायचं. अण्णा रोज संध्याकाळी तिला घरी बोलावून शिकवू लागले, मॅट्रिकला बाहेरून बसवू म्हणाले. ती यायची, पाटीवर दोन ओळी लिहायची आणि बसल्या जागी झोपायची. अण्णा तिला उठवत नसत. तिच्यासमोर तसेच बसून राहत. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. मी बोलवायला गेले तर म्हणाली, “शामल, तू हो डॉक्टर. मला टाइम नाही.” मी डॉक्टर होण्यातली नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं.

एकसष्टच्या वैशाखात सरोजचं लग्न ठरलं. मुलगा झाशीचा, रेल्वेत. तिथी निघाली जेठातली आणि मांडव उघड्या मैदानात. मावशी आमंत्रणाच्या अक्षता घेऊन आल्या. आई त्यांच्यासाठी सरबत करायला आत गेली, मी दारातच उभी होते.

“अण्णा, एक मागणं आहे,” मावशी म्हणाल्या. “त्या दिवशी सकाळपासून मांडवात बसा. आभाळावर लक्ष ठेवा. तुम्ही सांगितलंत तर मी मुहूर्त पुढे-मागे करीन. बाकी कोणावर माझा भरवसा नाही.”

अण्णा म्हणाले, “दुर्गाबाई, मला त्या दिवशी ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“आंधी येणार ते. पारा बघून आलो होतो. निशाण हातात घेऊन परत ठेवलं. तुम्ही छतावरून विचारलंत, तेव्हाही ठाऊक होतं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. अधिकारी, ते हसणं, शिडी. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. आई सरबताचा पेला घेऊन दारात थबकली.

मावशी ऐकत होत्या. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. अण्णांचं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, “तो साहेब हसला, म्हणून?”

“हो.”

“मी तर हसले नव्हते, अण्णा. मी कधी एकदा तरी हसले होते का तुमच्या निशाणाला?”

अण्णांनी नकारार्थी मान हलवली.

“हाताचं जाऊ द्या. हात आभाळानं नेला. पण पोरीची शाळा गेली. चार वर्षं मी तुमच्या पाया पडत आले, आणि तुम्ही पडू दिलंत.” त्या उठल्या. ताटलीतल्या अक्षता त्यांनी आईच्या हातावर ठेवल्या. “वहिनी, तुम्ही आणि शामल या. यांना आणू नका.”

लग्नाच्या दिवशी मी आणि आई गेलो. आभाळ निरभ्र होतं, साधी वावटळसुद्धा आली नाही. परत आलो तेव्हा अण्णा छतावर उन्हात बसलेले होते, पश्चिमेकडे तोंड करून. सकाळपासून खाली उतरले नव्हते. “नीट झालं ना?” एवढंच त्यांनी विचारलं.

पुढे मावशी खोली सोडून लेकीकडे झाशीला गेल्या. अण्णांनी तीन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. दफ्तरखान्यातून निवृत्त झाल्यावर ते फारसे घराबाहेर पडत नसत. कोणी जुन्या आंधीची गोष्ट काढली आणि त्यांची स्तुती करू लागलं, की ते स्पष्ट सांगत, “नाही, तसं नाही झालं,” आणि खरं काय ते सांगायला बसत. लोकांना अवघडल्यासारखं व्हायचं. हळूहळू लोक ती गोष्ट काढेनासे झाले. एकाहत्तर साली अण्णा गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी सरोज एका लग्नासाठी ग्वाल्हेरला आली, ती मुद्दाम मला भेटायला आली. मावशी आदल्या वर्षी वारल्या होत्या. सरोजची मोठी मुलगी बरोबर होती, गणितात हुशार. आम्ही चहा घेतला. भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोला तिने हात जोडले.

“आई अण्णांचं नाव काढलं की गप्प व्हायची,” ती म्हणाली. “मला वाटायचं, उपकाराचं ओझं असेल. असा माणूस होणं नाही, शामल. आंधीत उडी घेतली, मग मला शिकवायचे. मीच झोपायची.” मग तिने विचारलं, “एक मात्र मनात राहिलं. माझ्या लग्नाला का नाही आले गं ते?”

मावशींनी तिला सांगितलं नव्हतं. अण्णा असते तर त्यांनी सांगितलं असतं, फोटोतून ते सरळ माझ्याकडे बघत होते. सरोजची मुलगी बिस्किट चहात बुडवत होती.

मी म्हणाले, “तब्येत बरी नव्हती त्यांची.”